नामंजुरीचा कागद मागून घ्या

(दोंडाईचा इथे गावोगावच्या वनहक्क समित्यांची आणि दावेदारांची बैठक झाली. त्यात आम्ही जे बोललो ते लिहून काढलं आहे. ज्या गावांना येता आलं नाही त्यांनी हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्यावं.)

शहाद्याकडचे, साक्रीकडचे, शिरपूरकडचे, नंदुरबारकडचे आपण सगळे आज दोंडाईच्याला जमलो. कोणी रेल्वेने आलं, कोणी एस्टीने. दोंडाईचा म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी माहीत. एक मिरचीचा बाजार आणि दुसरं हे स्टेशन. इथून गाडी धरायची आणि कोयता घेऊन गुजरातला उसाला जायचं. आज तुमच्यातले कितीतरी जण उसाहून नुकतेच परत आलेत. मुकडदमाची खर्ची अजून फिटलेली नाही. अशा वेळी एक दिवसाची मजुरी बुडवून आलात. म्हणून आम्ही लांबण लावणार नाही. कामाचंच बोलतो.

गावागावात एकच प्रश्न विचारतात. "कोर्टाने आपल्याला काढायचा हुकूम दिला म्हणतात, यंदा पेरायचं का नाही?"

आधी त्याचंच उत्तर. पेरायचं.

आता नीट सांगतो. यंदा, म्हणजे २०१९ च्या १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने एक आदेश दिला. ज्यांचे वनहक्काचे दावे नामंजूर झाले आहेत त्यांना राज्य सरकारांनी जंगलजमिनीवरून काढावं, आणि हे २४ जुलैच्या तारखेआधी करावं. सगळ्या देशात असे नामंजूर दावे अकरा लाखांच्या वर निघतात. एका दाव्यामागे एक घर धरा, म्हणजे किती माणसं झाली ते समजेल. हा खटला काल-परवाचा नाही. वन्यप्राण्यांसाठी काम करणाऱ्या काही संस्थांनी २००८ सालीच वनहक्क कायद्याविरुद्ध अर्ज टाकला होता. तो इतकी वर्षं चालू आहे. आपल्या बाजूने तिथे नीट बोलायला हवं होतं, ते बोललं गेलं नाही.

मग देशभर मोर्चे निघाले, निवेदनं गेली, केंद्र सरकारलाही कोर्टात जावं लागलं. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने आपला आदेश थांबवला. नुसता थांबवला नाही, राज्यांना प्रश्न विचारला. तुम्ही हे दावे नामंजूर केले ते कोणत्या पद्धतीने केले? दावेदाराला ऐकून घेतलं का? पुरावा मांडायची संधी दिली का? ह्याचं उत्तर प्रतिज्ञापत्रावर द्या.

भावांनो, बायांनो, आजच्या बैठकीचा सगळा मुद्दा ह्या एका प्रश्नात आहे. कोर्ट सरकारला विचारतंय, पण त्याचं खरं उत्तर कोणाकडे आहे? कलेक्टर कचेरीच्या फाइलीत नाही. ते तुमच्याकडे आहे. तुम्हाला कोणी बोलावलं होतं का, कोणी विचारलं होतं का, कागद हातात दिला होता का, हे तुम्हालाच ठाऊक. सरकार आपल्या बाजूने लिहील की आम्ही सगळं कायद्याप्रमाणे केलं. आपण गप्प बसलो तर तेच खरं ठरेल.

आता एका मावशीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. ती आज इथे बसलेली आहे, तिला विचारूनच सांगतो.

मावशीच्या सासऱ्याने ती जमीन फोडली. दगड वेचून वेचून खालच्या अंगाला बांध घातला. तो बांध आज पुरुषभर उंच आहे. बांधाच्या कडेला आंबा आहे, त्याचं खोड दोन माणसांच्या कवेत येत नाही. नवऱ्याला त्याच शेताच्या कोपऱ्यात पुरलं. २००९ मध्ये गावाने दावे भरले तेव्हा मावशीनेही भरला. वनहक्क समिती पाहून गेली, ग्रामसभेने ठराव केला की दावा बरोबर आहे. त्यानंतर मावशीला काहीच कळलं नाही. दरवर्षी ती तलाठ्याला विचारायची, तो म्हणायचा, वरती आहे. सहा-सात वर्षं "वरती आहे" ह्यावर गेली.

आम्ही दोघं-तिघं बारावी झालेली पोरं. वाचता येतं म्हणून मावशीबरोबर एका कचेरीत गेलो. तीन फेऱ्या झाल्यावर चौथ्या वेळी रजिस्टर दाखवलं. मावशीच्या नावापुढे लिहिलं होतं, "नामंजूर. पुरावा अपुरा." दोन शब्दांत पुरावा आटोपला. त्याच्या खाली पाहिलं, त्याच गावच्या पुढच्या सगळ्या नावांपुढे तेच दोन शब्द. वरच्या नावापुढे लिहायचं आणि खाली टिंब टिंब देत जायचं, तसं. कोणता पुरावा अपुरा, कोणी पाहिला, शेतावर कोण गेलं, काही नाही. मावशीने विचारलं, "बाबा, माझ्या नवऱ्याची जागा तुम्ही पाहिली का?" तिथल्या माणसाकडे उत्तर नव्हतं. तो म्हणाला, साहेब बदलून गेले.

त्या दिवशी एस्टीत आम्ही कायद्याचं पुस्तक उघडलं. तेव्हापासून जे शिकलो ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

वनहक्क कायदा २००६ चा. नियम २००८ चे, आणि २०१२ च्या सप्टेंबरमध्ये त्यात दुरुस्ती झाली. ती दुरुस्ती आपल्या फार कामाची आहे, पण गावात ती कोणी सांगितलीच नाही. कायद्याच्या सुरुवातीलाच सरकारने कबूल केलं आहे की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. म्हणजे आपण भीक मागत नाही. चूक त्यांची, ती दुरुस्त करायचा हा कायदा आहे.

आपल्यातले काही म्हणतात, आमचा शिंदखेडा तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही, पेसा लागत नाही, मग आम्हाला हा कायदा कसा लागेल? लागतो. पेसा वेगळा आणि वनहक्क कायदा वेगळा. वनहक्क कायदा जिथे जिथे जंगलजमीन आहे तिथे तिथे लागतो. तापीकाठच्या भिल्लवस्तीलाही लागतो आणि सातपुड्यातल्या पावरा पाड्यालाही लागतो. आदिवासी पाहिजे, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात पाहिजे, पोट त्या जमिनीवर पाहिजे. जास्तीत जास्त चार हेक्टर मिळते, म्हणजे दहा एकराला थोडी कमी.

दाव्याला तीन पायऱ्या आहेत. पहिली ग्रामसभा. दुसरी प्रांताच्या कचेरीतली उपविभागीय समिती. तिसरी कलेक्टरची जिल्हा समिती. ह्यात ग्रामसभा म्हणजे सरपंच आणि ग्रामसेवक नाही. गावातली सगळी मोठी माणसं, बायाबापे. निम्मी माणसं हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत तीनातली एक तरी बाई लागते. बाया नसतील तर ठराव कच्चा राहतो. म्हणून बायांना चूल सांभाळायला घरी ठेवून ग्रामसभा करू नका.

आता मुख्य गोष्ट. २०१२ चे नियम काय सांगतात ते एकेक ध्यानात ठेवा.

एक. दावा नामंजूर केला किंवा जमीन कमी केली तर ते दावेदाराला स्वतःला कळवावं लागतं, म्हणजे तो वरच्या समितीकडे दाद मागू शकेल. भिंतीवर यादी चिकटवली, सरपंचाला फोन केला, हे चालत नाही.

दोन. नामंजुरीची कारणं लेखी द्यावी लागतात. "पुरावा अपुरा" हे कारण नाही, तो शेरा आहे. कोणता पुरावा, तो का धरला नाही, हे लिहिलं पाहिजे.

तीन. कागद कमी पडला तर वरच्या समितीने तिथल्या तिथे दावा मारायचा नाही. तो परत ग्रामसभेकडे पाठवायचा, की बाबांनो हे कमी आहे, पुन्हा बघा.

चार. दाद मागायची मुदत ६० दिवस. समितीला कारण पटलं तर आणखी ३० दिवस वाढवता येतात. पण कळवलंच नाही तर माणूस दाद कशी मागणार? म्हणून ज्यांना उशिरा कळलं त्यांनी अर्जात पहिल्याच ओळीत लिहायचं, आम्हाला हा निर्णय आजवर कोणी कळवला नव्हता, अमुक तारखेला समजला, म्हणून आज दाद मागतो. ही ओळ विसरू नका. कोर्टाने राज्यांना जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर ह्या ओळीत आहे.

पाच. ऐकून घेतल्याशिवाय दावेदाराच्या विरुद्ध निकाल देता येत नाही.

सहा. पडताळणीला वनविभाग आणि महसूलचे लोक हजर राहून सही करतात. ते आले नाहीत आणि मागून हरकत घेतली, तर दावा पुन्हा ग्रामसभेकडे येतो. दुसऱ्यांदाही आले नाहीत तर ग्रामसभा म्हणेल तेच शेवटचं. म्हणून त्यांना बोलावल्याची पोचपावती जपून ठेवा.

आता पुरावा. आपल्या डोक्यात बसलंय की पुरावा म्हणजे दंडाची पावती. ज्याला पूर्वी दंड झाला त्याच्याकडे पावती, ज्याने कोंबडं देऊन, हातापाया पडून सुटका करून घेतली त्याच्याकडे काही नाही. म्हणजे जो जास्त गरीब, जास्त घाबरलेला, त्याचाच दावा कच्चा. हा काय न्याय झाला? आपल्या महाराष्ट्रातल्याच जंगलजमिनींचा खटला प्रदीप प्रभूंनी लढवला. त्यात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की दाव्यांची नीट चौकशी करा आणि माणसाजवळ जो पुरावा असेल तो त्याला मांडू द्या. पुढे तेच नियमांत आलं.

नियम १३ मध्ये पुराव्यांची मोठी यादी आहे. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती हे तर आहेच. त्याशिवाय घर, झोपडी, सपाट केलेली जमीन, बांध, ताल, विहीर, पुरण्याची जागा, देवाची जागा हे सगळं पुरावा आहे. वंशावळ पुरावा आहे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब पुरावा आहे. ह्यातले दोन तरी पाहिजेत. आता मावशीचं बघा. बांध आहे, आंबा आहे, नवऱ्याची जागा आहे, आणि गावातला ऐंशीच्या पुढचा एक डोकरा आहे. त्याने तिच्या सासऱ्याबरोबर दगड उचलले होते. दोन पाहिजेत, तिच्याकडे चार निघाले. पण ते कागदावर कोणी लिहिलेच नव्हते.

आभाळातल्या फोटोचंही सांगतो. कचेरीत म्हणतात, उपग्रहाच्या फोटोत २००५ साली तुमच्या जागी शेत दिसत नाही. नियम सांगतो, असा फोटो दुसऱ्या पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याच्या जागी चालणार नाही. शेजारच्या गुजरातमध्ये नुसत्या फोटोवर आदिवासींचे दावे मारले होते. लोक हायकोर्टात गेले. २०१३ मध्ये हायकोर्टाने ते दावे पुन्हा तपासायला लावले. फोटोला मोहाच्या सावलीतली नागली दिसत नाही. उतारावर दोन बांधांच्या मधली चार गुंठे मोर दिसत नाही. उन्हाळ्यात काढलेल्या फोटोत आपली पावसाळी शेती उघडा माळच दिसणार. हे ग्रामसभेच्या ठरावात लिहा.

इथवर सरकारचं झालं. आता आपल्या चुका. त्या नाही सांगितल्या तर आम्ही तुमची खुशामत केली असं होईल.

मावशीच्या गावची ग्रामसभेची वही आम्ही पाहिली. ठराव होता, पण तारीख नव्हती. हजर माणसांचे अंगठे नंतर घेतलेले होते. बायांची नावं नवऱ्यांनी सांगितली आणि एकानेच लिहिली. डोकऱ्याचा जबाब तोंडी झाला, कागदावर नाही. ती वही उद्या कोर्टात गेली तर समोरचा वकील पाच मिनिटांत फाडून टाकेल. वही कोणी सांभाळायची हेही ठरलेलं नव्हतं. ती एका घराच्या आढ्यात उंदरांनी कुरतडलेली सापडली.

दुसरी चूक. काही गावांत दलालाला पैसे दिले. दावा भरायला फी नाही, एक रुपया नाही. जो फाइल पुढे सरकवतो म्हणून पैसे मागतो तो फसवतो.

तिसरी चूक सांगायला जड जातं. २००५ नंतर काही ठिकाणी नवी तोड झाली. पट्टा मिळतोय म्हणून घाईघाईने झाडं पाडली आणि दावा टाकला. असा एक खोटा दावा गावच्या पन्नास खऱ्या दाव्यांना बुडवतो. जंगलखात्याला तेच दाखवायचं असतं, की बघा, हे जंगल खाणारे लोक. वाघदेवाला आपण कोणाच्या जोरावर पुजतो? जंगल आहे म्हणून वाघदेव आहे. तेव्हा नवी तोड बंद. ज्या गावात झाली असेल त्या गावाने ग्रामसभेत उभं राहून थांबवावी. हा कायदा ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकारही देतो, तो आपण विसरतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक हक्क घेऊन जंगल राखलं, आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक पास ग्रामसभेच्या हातात आला. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर खाण येणार होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही गावांनी नाही म्हटलं, खाण झाली नाही. ग्रामसभेचा असा वजनदार कागद असतो. पण तो खरा आणि नीट लिहिलेला पाहिजे.

आता वकिलाचं. "आमच्याकडे वकिलाला पैसे कुठून?" हा दुसरा प्रश्न सगळीकडे असतो. ऐका. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा लागतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या कोर्टात प्राधिकरण असतं. तिथे साधा अर्ज द्यायचा. १५१०० हा फोन नंबर पण आहे. जिल्हा समितीनेही दावा मारला तर पुढे हायकोर्ट, आपल्या धुळे-नंदुरबार-जळगावसाठी ते औरंगाबादला आहे. तिथेही विधी सेवा आहे. फुकटचा वकील नीट काम करत नाही असं तुम्ही म्हणाल. काही करत नाहीत, खरं आहे. म्हणून वकिलाजवळ रिकाम्या हाताने जायचं नाही. ठराव, जबाब, फोटो, नकाशा, नामंजुरीचा कागद अशी सगळी चळत घेऊन जायचं. कागद पूर्ण असला की वकिलाला पळवाट राहत नाही.

आणि कोणी जेसीबी घेऊन शेतात आला तर? कायद्याचं कलम ४, पोटकलम ५ तोंडपाठ करा. दाव्याची ओळख आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत काढता येत नाही. हे शांतपणे सांगा, लेखी हुकूम मागा, फोटो घ्या, पंचनामा करा. दगड उचलू नका. दगड उचलला की जमिनीची केस राहते बाजूला आणि आपल्यावर फौजदारी केस उभी राहते. तारखांना जाता जाता बैल विकावे लागतात, हे आपण पाहिलं आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने लिहिलं आहे की आदिवासीच्या वनहक्कात बेकायदा आडवं येणं हा गुन्हा आहे.

म्हातारी माणसं इथे बसलीत, त्यांना १९७२ आठवत असेल. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होतं. गहाण, उसनवारी, अंगठे असं करत करत आपल्या जमिनी दुसऱ्यांच्या नावावर गेल्या होत्या. अंबरसिंग महाराज आणि त्यांच्याबरोबरची माणसं उभी राहिली, सालदार उभे राहिले, बाया दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या. त्यानंतर १९७४ मध्ये आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करायचा कायदा झाला. क्रम बघा. आधी माणसं उभी राहिली, मग कायदा आला. वनहक्क कायद्याचंही तेच. २००२ मध्ये केंद्राच्या वनखात्याने सगळी अतिक्रमणं काढा असं पत्र काढलं, त्याविरुद्ध देशभर लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठे २००६ उजाडलं. पण एक फरक ध्यानात ठेवा. मोर्चाने कायदा येतो, पट्टा मात्र कागदानेच मिळतो. मोर्चात पाच हजार माणसं लागतात, वहीला गावात एक लिहिणारा आणि दहा आठवणारे पुरतात. दोन्ही पाहिजेत. मोर्चाला आपण तयार असतो, वहीचा कंटाळा करतो.

मावशीचं काय झालं? पट्टा अजून मिळालेला नाही. खोटं सांगत नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून नामंजुरीची प्रत काढली, दाद मागितली, दावा परत ग्रामसभेकडे आला आहे. ग्रामसभा पुन्हा झाली. ह्या वेळी डोकऱ्याचा जबाब त्याच्या तोंडचा जसाच्या तसा लिहिला, वाचून दाखवला, मग अंगठा घेतला. आंब्याच्या खोडाला दोरी लावून माप लिहिलं. मावशी म्हणाली, "माझं नाव मी सांगते, तुम्ही लिहा." एवढं तरी बदललं.

जाताना प्रत्येक गावाने पाच कामं घेऊन जायची.

१. गावातल्या सगळ्या दाव्यांची यादी करा. मंजूर किती, नामंजूर किती, पडून किती, क्षेत्र कमी केलेले किती.

२. प्रत्येक नामंजूर दावेदाराचा अर्ज : निर्णयाची प्रत आणि लेखी कारण द्या. पोचपावती घेतल्याशिवाय कचेरी सोडू नका. देत नसतील तर माहितीचा अधिकार.

३. पेरणीआधी ग्रामसभा. ठराव करा, आमच्या गावात कोणाला कळवलं, कोणाला नाही, कोणाला ऐकलं, कोणाला नाही. ह्याची प्रत प्रांताला, कलेक्टरला आणि एक आम्हाला. २४ जुलैच्या तारखेआधी ती आपल्या वकिलांच्या हातात पाहिजे.

४. म्हाताऱ्या माणसांचे जबाब आधी घ्या. आंबा थांबेल, विहीर थांबेल, माणूस थांबत नाही.

५. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो, हे कायद्यातच आहे. दाव्यावर बाईचं नाव नसेल तर घालून घ्या. हा पट्टा विकता येत नाही, वारसाला मिळतो. म्हणजे सावकाराच्या घशात जात नाही.

ज्या गावात लिहिणारं कोणी नाही तिथे आम्ही येतो. भाकर तुमची, पेन आमचा.

शेवटचं एकच. मावशीच्या नावापुढे "पुरावा अपुरा" लिहिणाऱ्याने शेत पाहिलं नव्हतं. उद्या कोर्टाने विचारलं, तर आपण शेत दाखवू. त्यासाठी आधी ते शेत पेरलेलं पाहिजे. म्हणून पुन्हा सांगतो, पेरा.

जोहार. जिंदाबाद.